बोकड कापा, थॉर वाचवा!

मित्रहो, शीर्षक वाचून रविवारचा मेसचा मेन्यू बदलला की काय, अशा आशेने ज्यांनी हे पान उघडलं त्यांची सुरुवातीलाच माफी मागतो. मेसमध्ये बटाटाच आहे आणि बटाटाच राहील. हा लेख आहे एका सिनेमातल्या दोन बोकडांबद्दल, आणि ते कापले तर सिनेमा सुधारतो का याबद्दल.

सिनेमा म्हणजे ‘थॉर : लव्ह अँड थंडर’. जुलै २०२२ मध्ये आला, जगभरात साधारण ७६ कोटी डॉलर कमावून गेला. म्हणजे पडला असं म्हणायची सोय नाही. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, “मजा आली रे, पण...” आणि पुढे बोलत नाही. मला या ‘पण’बद्दल बोलायचंय.

ज्या सर-मॅडमनी हा सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. गॉर नावाचा एक भाविक बाप. वाळवंटात त्याची लहान मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत मरते. ज्या देवाची त्याने जन्मभर भक्ती केली तो देव समोर येतो आणि चक्क हसतो. गॉर त्या देवाला मारतो आणि सगळ्याच देवांना संपवायची शपथ घेतो. दुसरीकडे जेन फॉस्टर. शास्त्रज्ञ, थॉरची जुनी प्रेयसी. तिला चौथ्या टप्प्यातला कॅन्सर आहे. थॉरचा हातोडा हातात घेतला की ती जबरदस्त ताकदवान होते, पण तोच हातोडा तिच्या शरीराची आजाराशी झुंजायची शक्ती शोषून घेतो. दोन्ही कथा जेसन ॲरनच्या मार्व्हल कॉमिक्समधून आलेल्या आहेत. देवांचा खाटीक गॉर २०१२ पासूनच्या अंकांत आहे, आणि जेन हातोडा उचलते ती २०१४ पासूनच्या.

आता सांगा, यात हसण्यासारखं काय आहे? आणि तरीही सिनेमा दर दोन मिनिटांनी हसवतो. किंवा हसवायला बघतो. थॉरला भेट मिळालेले दोन अवाढव्य बोकड माणसासारखे किंचाळतात. एकदा नाही, दोनदा नाही, दिसतील तेव्हा किंचाळतात. थॉरची कुऱ्हाड जुन्या हातोड्यावर जळते आणि रुसक्या बायकोसारखी हळूच बाजूने डोकावते. कॉर्ग नावाचा दगडी माणूस मधेमधे निरूपण करतो. नॉर्स पुराणात थॉरच्या रथाला खरंच दोन बोकड आहेत बरं का! रात्री थॉर ते कापून खातो आणि सकाळी हातोडा फिरवून पुन्हा जिवंत करतो. म्हणजे बोकड कापायची सूचना मूळ माझी नाही, पुराणातलीच आहे.

मागच्या सेमिस्टरला सबमिशन संपल्याच्या रात्री आमच्या रूमवर हा सिनेमा लागला. उलट्या बादलीवर लॅपटॉप, दोन कॉटवर सात जण, एक जण दारात (वॉचमन काकांकडे लक्ष ठेवायला). बोकड ओरडले की आम्हीही ओरडत होतो. अर्ध्यावर माझा रूम पार्टनर उठून बाहेर गेला. मला वाटलं पाणी आणायला गेला असेल. सिनेमा संपल्यावर बघतो तर हा गच्चीच्या जिन्यात बसलेला.

त्याच्या आईची केमो चालू होती. आठवड्यापूर्वीच तो घरून आला होता. आमच्यातल्या फक्त मला माहीत होतं, आणि मी विसरलो होतो.

मी बावळटासारखा म्हणालो, “सॉरी यार, कॅन्सरचा सिनेमा आहे हे लक्षातच नव्हतं.” तो म्हणाला, “कॅन्सरचं काही नाही रे. पण त्या सिनेमात दोन मिनिटं कुणी गप्पच बसत नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी ईएनटीसीचा. सिग्नल-टू-नॉईज रेशो हा शब्द आम्ही झोपेतही बडबडतो. सिनेमात सिग्नल आहे, तोही चांगला तगडा. क्रिश्चन बेलचा गॉर आहे, नॅटली पोर्टमनची जेन आहे. मग नॉईज काढून टाकली तर?

असं करणारे लोक जगात आधीपासून आहेत. याला फॅन एडिट म्हणतात. नवं शूटिंग करायचं नाही, प्रदर्शित झालेला सिनेमाच घ्यायचा, कापायचा, क्रम बदलायचा, आवाज नव्याने जुळवायचा. यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण ‘द फँटम एडिट’. १९९९ च्या ‘स्टार वॉर्स’ भागातला जार जार बिंक्सचा पोरकटपणा एका चाहत्याने कमी केला, सिनेमा साधारण वीस मिनिटांनी आखूड केला, आणि २००१ च्या सुमारास ती व्हीएचएस टेप हातोहात फिरली. तो चाहता माईक निकल्स नावाचा व्यावसायिक संकलक होता हे नंतर कळलं.

सुपरहिरोंचंही तेच. ‘सुपरमॅन २’ चं बरंचसं शूटिंग रिचर्ड डोनरने केलं होतं. मग त्याला काढून रिचर्ड लेस्टरला आणलं, आणि १९८० साली आलेल्या सिनेमात शहर उद्ध्वस्त होत असताना रस्त्यावर वाऱ्याने टोप उडण्याचे विनोद आले. २००६ मध्ये डोनरच्या मूळ चित्रणातून जुळवलेली आवृत्ती अधिकृतपणे निघाली. २०१७ च्या ‘जस्टिस लीग’मध्येही जॉस व्हीडनने केलेल्या फेरशूटिंगमधून बरेच विनोद घुसले होते. चाहत्यांनी रेटा लावल्यावर २०२१ मध्ये झॅक स्नायडरची तब्बल २४२ मिनिटांची आवृत्ती आली. या दोन आवृत्त्या स्टुडिओने काढल्या, चाहत्यांनी नव्हेत. पण तोच सिनेमा वेगळ्या मांडणीत वेगळाच वाटू शकतो, एवढं त्यातून पक्कं कळतं.

तर, आमच्या आतेभावाकडे या सिनेमाची मूळ डिस्क होती. मी लॅपटॉपवर डाव्हिंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती टाकली आणि सुट्टीतल्या दोन आठवड्यांत सिनेमाचा एक तुकडा पुन्हा जोडून पाहिला. पूर्ण सिनेमाला हात घालायची ना माझी लायकी, ना माझ्या लॅपटॉपची.

पहिला कट सुरुवातीचाच. मूळ सिनेमात गॉरची शपथ संपते न संपते तोच कंपनीचा लोगो येतो, मग कॉर्ग थॉरची गोष्ट रंगवून सांगतो, मग गाण्याच्या तालावर मोठी हाणामारी. मुलीचं मरण आपण दोन मिनिटांत विसरतो. मी हे सगळं उचलून मागे नेलं आणि गॉरच्या चेहऱ्यावरून थेट जेनच्या केमोच्या खुर्चीवर आलो. काय सांगू, अंगावर काटा आला! तो बाप देवाकडे गेला, देवाने काही केलं नाही. ही बाई विज्ञानाकडे गेली, विज्ञानाचेही हात टेकले. दोघांच्या हाती एकेक हत्यार येतं, आणि ते हत्यार दोघांनाही आतून खातं. ही जोडी सिनेमात पहिल्यापासून होती. मधल्या गोंगाटामुळे मला ती दिसलीच नव्हती.

दुसरा कट झ्यूसच्या दरबाराचा. तिथे थॉरचे कपडे उडतात आणि सगळा दरबार खिदळतो. ते काढलं. ठेवलं काय? थॉर मदत मागतो आणि देवांचा राजा नाही म्हणतो. आता तो प्रसंग बघताना वाटतं, आयला, गॉर बरोबरच बोलत होता की! खलनायक बरोबर असू शकतो हे जाणवलं की सिनेमाचं वजनच बदलतं.

आता बोकड. इथे थोडी तांत्रिक गंमत आहे. फाईव्ह पॉइंट वन आवाजात बहुतेक संवाद मधल्या चॅनेलवर असतात, आणि संगीत व इतर आवाज मुख्यतः बाजूच्या नि मागच्या चॅनेल्सवर. त्यामुळे नको असलेलं वाक्य मधल्या चॅनेलवर दाबलं तरी संगीत बरंचसं शाबूत राहतं. पात्राची पाठ कॅमेऱ्याकडे असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. बोकड मात्र बिलंदर. त्यांचं किंचाळणं सगळीकडे पसरलेलं. तिथे आवाज पूर्ण काढून सिनेमातलंच दुसरीकडचं संगीत आणून भरावं लागलं. जळकी कुऱ्हाड सगळ्यात सोपी. ती बोलत नाही, त्यामुळे सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने पन्नास-साठ चौकटी उडवल्या की काम फत्ते.

मोठ्या उत्साहात मी हा तुकडा पार्टनरला दाखवला. त्याने शांतपणे बघितला आणि विचारलं, “जेनचा विनोद कुठाय?”

केमो घेताना जेन शेजारच्या पेशंटशी गप्पा मारते, त्याच्या हातातल्या पुस्तकाचं पान दुमडून त्यातून पेन आरपार घालते आणि वर्महोल समजावते. आजार म्हणजे जणू किरकोळ सर्दी, असा तिचा आव असतो. विनोद म्हणून तोही मी कापला होता. पार्टनर म्हणाला, “तो परत टाक. आई पण असंच करते. केस गेले तेव्हा म्हणाली, शांपूचे पैसे वाचले. आम्ही हसलो. मग ती खिडकीबाहेर बघत बसली. विनोद खोटा नसतो रे. त्याच्यानंतर लगेच बोकड ओरडतो ना, ते खोटं असतं.”

मित्रहो, माझं मत बनलं ते इथे. विनोद कमी करणं म्हणजे सिनेमा सुधारणं नव्हे. कात्री चालवण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. विनोद कुणाचा आहे, आणि त्याच्यानंतर श्वास घ्यायला जागा ठेवली आहे का? जेनचा विनोद जेनचा आहे, ती घाबरलेली आहे म्हणून तो येतो. बोकडांचा विनोद कुणाचाच नाही. प्रेक्षक गप्प बसला तर कंटाळेल, या भीतीतून तो आलेला आहे. मी जेनचा विनोद परत टाकला आणि त्यानंतर तिच्या चेहऱ्यावर चार सेकंद जास्त थांबलो. सगळ्या तुकड्यात तेवढी एकच जागा मला अगदी बरोबर जमली असं वाटतं.

आता कुणी म्हणेल, तू कोण टिकोजीराव? दिग्दर्शकाचा सिनेमा आहे, त्याला हवा तसा त्याने केला. मान्य. शिवाय तायका वेटिटीला शांतता कळत नाही असं तर मुळीच नाही. त्याचाच २०१९ चा ‘जोजो रॅबिट’ बघा. हिटलरवर विनोद करणारा सिनेमा, पण त्या पोराला चौकात आईचे बूट दिसतात तेव्हा कुणीही काहीही बोलत नाही. त्या पटकथेला ऑस्कर मिळालं. म्हणूनच तर राग येतो! ज्याला येतच नाही त्याच्यावर कोण रागावेल? थॉर साकारणाऱ्या क्रिस हेम्सवर्थनेही २०२३ मध्ये मुलाखतीत मान्य केलं की हा सिनेमा फारच पोरकट झाला.

कायद्याचा मुद्दाही खरा आहे. दुसऱ्याचा सिनेमा कापून वाटणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. म्हणून माझा तुकडा माझ्याच लॅपटॉपवर आहे आणि तिथेच राहणार. पेन ड्राइव्ह घेऊन येऊ नये.

आणि कात्रीच्याही मर्यादा आहेत. गॉरला देवांचा खाटीक म्हणतात, पण पडद्यावर तो देव मारताना फारसा दिसतच नाही. बेलने शूट केलेले काही प्रसंग मूळ संकलनातच गळाले, असं त्याने स्वतः सांगितलं होतं. ते चाहत्याने कुठून आणावेत? तव्यावर नसलेली भाकरी उलटता येत नाही. तेव्हा फॅन एडिटने वाईट सिनेमा थोर होतो असा माझा दावा नाही. आत चांगला सिनेमा गाडला गेला असेल तरच तो उकरून काढता येतो.

मागच्या वर्षी आपल्या एकांकिकेच्या तालमीत मी एक पदरचं वाक्य घातलं होतं. सगळे खो खो हसले. दिग्दर्शन करणाऱ्या सीनिअरने ते तिथल्या तिथे उडवलं. मी आठवडाभर फुगून बसलो होतो. त्या हशानंतर लगेच बापाच्या पत्राचा प्रसंग होता, आणि हशा विरेपर्यंत अर्धं पत्र वाचून झालेलं असायचं. हे मला थॉर कापताना कळलं. सीनिअर आता पास आऊट झालाय, त्याला या पानावरून उशिराचे धन्यवाद.

शेवटी एक घरचाच मुद्दा. होस्टेलवर आपण सगळेच थोडेफार बोकड आहोत. कुणी म्हणालं, “केटी लागली रे,” की आपण किंचाळतो. कुणी म्हणालं, “घरी जावंसं वाटतंय,” की दुसरा लगेच आवाज काढतो. वाईट हेतूने नाही, दोन मिनिटं गप्प बसायची सवय नाही म्हणून. त्या रात्री मीही किंचाळत होतोच.

पार्टनरच्या आईची केमो आता संपली आहे, तपासण्या चालू आहेत. दिवाळीत त्यांनी आमच्यासाठी चकल्या पाठवल्या होत्या. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की केस परत येतायत, शांपूचा खर्च वाढला. आम्ही हसलो. मग डबा उघडायच्या आधी थोडा वेळ नुसतेच बसून राहिलो.

(तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार)