टाकीतला गाळ निर्दोष आहे

'काटा लाल रेषेखाली जाऊ देऊ नका, तळचा गाळ इंजिनात जातो.' नवी गाडी घेतली की हा सल्ला घरचे देतात, शेजारी देतात आणि गॅरेजवालाही देतो. देणाऱ्यांची तळमळ खरी असते. कारण मात्र चुकीचं असतं, आणि त्या चुकीच्या कारणापोटी माणसं टाकी धुण्यावर पैसे घालवतात. जिथे खरोखर जपायला हवं तिथे बेफिकीर राहतात.

गाळाचंच आधी पाहू. कारच्या टाकीतून इंधन उचललं जातं ते तळाजवळून. टाकी काठोकाठ भरलेली असो की दोन लिटरवर आलेली, पंपाचं तोंड तिथेच असतं. पातळीबरोबर ते वरखाली होत नाही. म्हणजे तळाशी गाळ असलाच, तर भरल्या टाकीतही तो त्या तोंडापाशीच असतो. तोंडावर बारीक जाळी असते, पुढे फिल्टर असतो. आजच्या बहुतेक कारच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, त्यांना आतून गंजही चढत नाही. मग रिझर्व्हवर आल्यावरच गाळ जागा कसा होईल?

माझ्या मते हा समज स्कूटरवरून कारवर आला. जुन्या स्कूटरींच्या आणि मोटरसायकलींच्या टाकीखाली कॉक असे. त्यात 'ऑन'ची नळी टाकीत थोडी उंच उभी आणि 'रिझर्व्ह'चं भोक अगदी तळाशी. महिनोन्महिने 'ऑन'वर गाडी चालली की तळात गंज आणि पाणी साचे, आणि कॉक फिरवताच नेमकं तेच कार्ब्युरेटरमध्ये उतरे. जेट चोंदे, गाडी रस्त्यात बंद पडे. ज्यांनी हे भोगलं त्यांचा अनुभव खोटा नव्हता. पण त्यांच्या गाडीत तळाची वाट वेगळी होती, कारमध्ये तीच एकमेव वाट आहे. इंधन इंजेक्शनच्या नव्या दुचाकींत तर तो कॉकही उरलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंधनाचा इलेक्ट्रिक पंप सहसा टाकीतच बसवलेला असतो आणि इंधनानेच थंड राहतो. पातळी उतरली की तो उघडा पडून तापतो, असं म्हणतात. हे मी झटकून टाकणार नाही. पण बहुतेक गाड्यांत पंप एका छोट्या डब्यात बसवतात आणि टाकीत इंधन कमी असतानाही तो डबा भरलेला राहील अशी सोय करतात. शिवाय इंधन पंपाच्या मोटरमधूनच वाहत जातं, आणि ते वाहतं आहे तोवर आतली उष्णता निघून जाते. रोजच शेवटच्या दोन-तीन लिटरवर गाडी रेटली तर पंपाचं आयुष्य घटू शकेल. अधूनमधून दिवा लागला म्हणून ते घटत नाही. दिवसाच्या कमाईतून थोडंथोडं इंधन टाकणाऱ्या टॅक्सीवाल्याला 'इंजिनाची वाट लावतोस' असं बजावणं मला अन्यायाचं वाटतं.

खरा धोका सुरू होतो तो इंधनाऐवजी हवा ओढली जाऊ लागते तेव्हा. पेट्रोल गाडी आचके देत बंद पडते. त्या आचक्यांत न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याला इजा करू शकतं. डिझेलचं प्रकरण त्याहून गंभीर. कॉमन रेल इंजिनाचा उच्चदाब पंप हजाराहून अधिक बार दाबावर काम करतो आणि अनेक रचनांत त्याला वंगण मिळतं ते डिझेलचंच. डिझेल तुटलं की धातूवर धातू घासतो, झिजलेले कण थेट इंजेक्टरपर्यंत जातात, आणि मग पंप, रेल, इंजेक्टर सगळंच बदलायची वेळ येऊ शकते. गाळाला भिणाऱ्यांनी भ्यायचं ते याला.

वरंध किंवा आंबेनळीसारख्या घाटात हवा ओढली जाण्याची वेळ काट्याच्या हिशेबाआधीच येऊ शकते. चढावर आणि वळणांवर उरलेलं इंधन एका कडेला धावतं आणि पंपाचं तोंड क्षणभर कोरडं पडतं. उतारावर इंजिन बंद पडलं तर ब्रेकचा बूस्टरही दोन-चार दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. घाटाच्या पायथ्याशी पाव टाकी हवीच, असा आग्रह मी धरतो तो या दोन कारणांसाठी.

टाकी सदैव फुल ठेवण्याचा अट्टहासही नको. नोझल आपोआप बंद झाल्यावर राउंड फिगरसाठी आणखी ओतलेलं पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो निकामी करू शकतं.

आणि डिझेल गाडी कोरडी पडलीच, तर स्टार्टर मारत बसू नका. आधी पाच-दहा लिटर डिझेल टाका. फिल्टरवर हातपंप असेल तर तो घट्ट लागेपर्यंत दाबा. नसेल आणि टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल, तर चावी ऑन करून थोडं थांबा, बंद करा, पुन्हा ऑन करा. हवा निघाली की मगच स्टार्टर द्या. तरीही दोन-तीन प्रयत्नांत इंजिन लागलं नाही, तर मेकॅनिकला बोलवा.