रांग कोणी लावायची?

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाच्या सासूबाई वारल्या. घरच्यांनी दफनविधीची वेळ त्याच दुपारी सोशल मीडियावर टाकली. मला ती दिसली तिसऱ्या दिवशी, चपलांच्या एका जाहिरातीखाली. तोवर माती होऊन गेली होती. 'फोन करायला हवा होता' हे खरेच. परंतु त्या तीन दिवसांत मी तो पडदा वीसेक वेळा उघडला होता आणि दर वेळी यंत्राने मला दुसरेच काही दाखविले, हेही तितकेच खरे.

हे बोलून दाखविले की आपल्याकडे ठरलेले उत्तर मिळते : 'मोबाईल बाजूला ठेवा.' उपवासकाळात तर हा उपदेश हमखास ऐकू येतो. मला तो खऱ्या गुन्हेगाराला मोकळे सोडणारा वाटतो. परदेशी गेलेल्या लेकरांची खबरबात ज्या घरांना याच वाटेने कळते, त्यांनी हे दार लावून घ्यावे काय? आपण निवडलेल्या माणसांच्या मजकुराची रांग कोणी लावायची, आपण की कंपनीने, हा खरा वाद आहे.

ही रांग वाचकाच्या हाती देणारी साधने होती. इयान डॉड्सवर्थ या ब्रिटिश प्रोग्रामरने २००८ साली ट्वीटडेक तयार केले. एकाच पडद्यावर शेजारी शेजारी उभे रकाने : एकात बातमीदार, दुसऱ्यात नातलग, तिसऱ्यात एखाद्या विषयाचा शोध. नवे वर, जुने खाली. वर्तमानपत्राचे पान संपादक लावतो, तसे येथे वाचक लावीत असे. २०११ साली ट्विटरने ते विकत घेतले. २०२३च्या जुलैत ट्विटरचे एक्स झाले आणि ऑगस्टमध्ये हे साधन पैसे भरणाऱ्यांपुरतेच उरले. नाना संकेतस्थळांवरील नवे लेखन वाचकाच्या कप्प्यांत आणून ठेवणारे गूगल रीडर त्याआधीच, जुलै २०१३मध्ये, बंद झाले होते. वापर घटला, असे कारण गूगलने दिले.

मला त्यामागे आणखी एक कारण दिसते. काळाच्या क्रमाने लावलेली यादी कोठेतरी संपते. संपली की माणूस उठतो, आणि उठलेल्या माणसाला जाहिरात दाखविता येत नाही! इन्स्टाग्रामने २०१६ साली काळाचा क्रम सोडला तेव्हा कंपनीचे म्हणणे होते की, लोकांचा सरासरी ७० टक्के मजकूर पाहायचाच राहून जातो. राहत असेलही. पण त्या ७० टक्क्यांत काय जावे, हे ठरविण्याचा अधिकार तिला कोणी दिला? २०२२ साली जुना क्रम परत मिळाला, तोही मेनूच्या आड. अ‍ॅप पुन्हा उघडले की यंत्राची रांग पुढे हजर.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने, वाचकाच्या सवयींच्या टाचणावर न बेतलेला एक तरी पर्याय देणे अतिविशाल मंचांना २०२३पासून बंधनकारक केले आहे. वसई-मुंबईच्या वाचकानेही हा हक्क मागायला हवा. मागण्यात संकोच कसला?

तूर्त मी आपल्यापुरती एक यादी केली आहे. खरे तर नातीने अर्ध्या तासात करून दिली. चव्वेचाळीस माणसे, पहिले नाव मावसभावाचे. रात्री जेवणानंतर ती वाचायला घेतो. पंधरा मिनिटांत संपते.