रस्त्यावर आधी कोण?

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला भेटायला गेले की पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य ठरलेले असते. ‘‘तिकडे महिनाभर राहिलो, पण हॉर्न म्हणून कानावर पडला नाही.’’ ऐकणारे माना डोलावतात, चहाचे कप खाली ठेवले जातात आणि मग कोणीतरी वडीलधारे निकाल देऊन टाकतात, ‘‘आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही हो!’’ विषय तिथेच संपतो. बैठक नांदेडच्या वजिराबादेतली असो की लातूरच्या औसा रोडवरची, शेवट हाच. या निकालाबद्दल माझी तक्रार आहे. एक तर तो खरा नाही. आणि दोष रक्ताचाच ठरला की मग कोणाला काही करायचे उरत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.

लातूरच्या गंजगोलाईपासूनच सुरुवात करू. निजामाच्या राजवटीत फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली ही गोलाकार पेठ. मधोमध अंबाबाईचे देऊळ, भोवती गोल रस्ता आणि त्याला चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठे सराफी, कुठे चपलांची दुकाने, कुठे मिरची आणि गूळ. पेठ म्हणून ही रचना देखणीच आहे. पण या सोळा तोंडांतून दुचाक्या, रिक्षा, हातगाडे आणि मालाचे टेम्पो एकाच वेळी गोलात शिरू लागले की प्रश्न पडतो, आधी कोणी जायचे?

हा प्रश्न जगात सगळीकडेच पडलेला आहे. ब्रिटनमध्ये १९६६ साली नियम झाला की, जो गोलात आधीच फिरतो आहे त्याला वाट द्यायची. बाहेरून येणाऱ्याने थांबायचे. पॅरिसच्या प्रसिद्ध विजय कमानीभोवती बारा रस्ते येऊन मिळतात. तिथे नियम नेमका उलटा आहे. बाहेरून शिरणाऱ्याला मान, गोलात फिरणाऱ्याने थांबायचे. पाहुण्याला तो सगळा गोंधळच वाटतो. तरी दोन्हीकडे गाडा चालतो, कारण नियम कोणता हे निदान तिथल्या माणसाला ठाऊक असते.

आपल्याकडे नियम नाही असे मुळीच नाही. जिथे दिवा नाही, पोलीस नाही आणि ज्यात शिरायचे तो मोठा म्हणून ठरवलेला रस्ताही नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्या, असे १९८९ च्या रस्त्यांच्या नियमांत स्वच्छ लिहिले होते. २०१७ साली हे नियम नव्याने लिहिले गेले. आता वाचकांनी घरात एक प्रयोग करून पाहावा. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या घरच्या माणसाला विचारावे, ‘‘चौकात सिग्नल बंद असला तर आधी कोणी जायचे?’’ उत्तर बहुधा एकच येईल, ‘‘जो घुसेल त्याने.’’

हे उत्तर विनोदी वाटले तरी त्यात एक व्यवस्था आहे. आपल्या रस्त्यावर बेशिस्त आहे असे आपण म्हणतो. मला तर तिथे फार कडक शिस्त दिसते. ती मानपानाची आहे. नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला या आणि रस्त्याकडे नीट पाहा. ट्रकपुढे जीप दबते, जीपपुढे रिक्षा, रिक्षापुढे दुचाकी, दुचाकीपुढे सायकल आणि या सगळ्यांपुढे पायी चालणारा. डोक्यावर भारा घेतलेली बाई रस्त्याच्या कडेला उभी राहते ती राहतेच. तिच्यासाठी थांबावे असे कोणाला वाटत नाही आणि कोणी थांबेल असे तिलाही वाटत नाही. लग्नाच्या मांडवात जसा मोठ्याचा मान आधी, तसा रस्त्यावर मोठ्या गाडीचा मान आधी. गाडीवर कसली पाटी किंवा झेंडा असेल तर मग बोलायलाच नको.

दिव्याचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे समोरच्याने अप्पर-डिप्पर मारला की त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो, ‘मी येतोय, तू थांब.’ इंग्लंडात बहुतेक चालक तोच दिवा ‘तुम्ही आधी जा’ म्हणून दाखवतात, जरी त्यांच्या नियमपुस्तकात त्याचा अर्थ ‘मी इथे आहे’ एवढाच दिला आहे. दिवा तोच, बटण तेच. पण एक हुकूम देतो आणि दुसरा वाट देतो. हॉर्नचीही तीच गत. आपल्याकडे तो हटकण्यासाठी वाजतो. ट्रकच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ तर हॉर्नला दिलेले आमंत्रणच होते. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने त्या अक्षरांवर बंदी घातली. अक्षरांवर बंदी घालता येते. सवयीचे काम अवघड.

ज्या देशांचे आपण कौतुक करतो, तिथे मानाच्या जागी पाळी आलेली आहे. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीने तिथल्या एका चौकाची रीत मला समजावून सांगितली. चारही बाजूंना ‘थांबा’ची पाटी. प्रत्येकाने पूर्ण थांबायचे, जो आधी आला त्याने आधी जायचे आणि दोघे बरोबरच आले तर उजवीकडच्याने. तिथे पोलीस नाही, दिवा नाही. भलीमोठी मालमोटार आधी थांबलेल्या छोट्या गाडीची पाळी होऊ देते. शाळेची बस थांबून तिचे लाल दिवे लुकलुकू लागले, की मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंची वाहने जागच्या जागी उभी राहतात. मूल उतरून पलीकडे गेल्याखेरीज हलत नाहीत. जर्मनीत दोनाचा एक रस्ता होतो तिथे चेनच्या दातांसारखे एकाआड एक मिसळायचे, असा कायदाच आहे. आणि महामार्गावर वाहने तुंबू लागली की, रुग्णवाहिका दिसायच्या आतच मधे तिच्यासाठी गल्ली मोकळी ठेवावी लागते.

‘‘त्यांचे संस्कारच तसे,’’ असे यावर कोणी म्हणेल. इथेच इतिहास उपयोगी पडतो. ज्या जपानमध्ये आज वाट दिली म्हणून पुढची गाडी मागचे दिवे लुकलुकवून आभार मानते, तिथे १९७० या एका वर्षात १६,७६५ माणसे रस्त्यावर मेली होती. जपानी लोक त्याला ‘वाहतुकीचे युद्ध’ म्हणत. त्याच वर्षी त्यांनी वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा केला. पदपथ बांधले, सिग्नल वाढवले, मुलांना शाळेत रस्ता ओलांडायला शिकवले. २०२२ साली तिथला मृतांचा आकडा २,६१० होता. हे आकडे अपघातानंतर चोवीस तासांत दगावलेल्यांचे आहेत. आपल्याकडे तीस दिवसांचे मोजतात. तीस दिवसांचे धरले तरी जपानचा आकडा तीन हजारांच्या थोडा वर जातो. आता आपल्याकडे पाहा. जपानची लोकसंख्या आणि एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास सारखीच. त्याच २०२२ साली महाराष्ट्रात रस्त्यावर १५,२२४ माणसे मेली. सबंध भारतात १,६८,४९१.

हॉलंडची गोष्ट तर आईबापांनी मनाला लावून घ्यावी अशी आहे. सायकलींचा देश म्हणून आपण त्याची चित्रे पाहतो. पण १९७१ साली तिथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. लोक रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ हे त्या चळवळीचे नावच होते. हळूहळू वस्त्यांतले रस्ते असे बांधले गेले की मोटारीला वेगात जाताच येऊ नये. स्वीडनने तर ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे अख्ख्या देशाची बाजू बदलली. पहाटे पाचच्या आधी दहा मिनिटे रस्त्यावरचे प्रत्येक वाहन थांबले, डावीकडून उजवीकडे सरकले आणि पाचला पुन्हा चालू लागले. त्याआधी रेडिओवरून, भिंतींवरून, अगदी दुधाच्या खोक्यांवरूनही लोकांना शिकवणे चालू होते. जन्मभराची सवय एका पहाटेत बदलता येते, पण तिच्यामागे कित्येक महिन्यांची शिकवणी असते.

आणि रक्ताचीच गोष्ट काढायची तर आखातात गाडी चालवणारे आपलेच लोक पाहा. इथला परवाना दुबईत तसाच चालत नाही. तिथली परीक्षा द्यावी लागते. ती पास होऊन तो माणूस तिथे वर्षानुवर्षे आपल्या पट्ट्यात, ठरलेल्या वेगात गाडी चालवतो. सुट्टीवर आला की विमानतळापासून गावापर्यंतच्या रस्त्यावरच त्याची जुनी सवय परत येते. दोन्हीकडे रक्त तेच. तिथे चूक महागात पडते आणि पडणारच हे त्याला ठाऊक असते. इथे परवाना दलालाकडून घरपोच येतो आणि चूक झालीच तर ओळख निघते.

पाळी ही कल्पना आपल्याला परकी आहे, हेही मला मान्य नाही. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जाऊन बसा. पंजाबातून आलेला धनिक आणि हमालीचे काम आटोपून आलेला मजूर एकाच पंगतीत, एकाच सतरंजीवर. वाढणारा ओळीने येतो आणि ज्याची पाळी त्याला वाढतो. तिथे कोणी मधे घुसत नाही. एस.टी.त कंडक्टरने एकदा घंटी दिली की थांबायचे आणि दोनदा दिली की निघायचे, हा नियम सगळी गाडी जाणते. आणि अंत्ययात्रा दिसली की सुसाट निघालेले पोरगेसुद्धा गाडी हळू करते, हात जोडते, तिरडी जाईपर्यंत वाट पाहते. तिथे कोणी पावती फाडत नाही. म्हणजे दुसऱ्यासाठी थांबणे आपल्याला चांगले येते. मेलेल्यासाठी आपण थांबतो. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या जिवंत माणसासाठी थांबायला शिकायचे आहे.

सगळा भार माणसाच्या वागण्यावर टाकणेही अन्यायाचे होईल. रुंद झालेल्या महामार्गावर दुभाजकातली फट दूर असली आणि शेत समोरच्याच बाजूला असले, तर शेतकरी उलट्या बाजूने ट्रॅक्टर घालणारच. हॉलंडने आधी रस्ते बदलले आणि मग माणसे बदलली, हे विसरून चालणार नाही. दिवाळीनंतर आपल्याकडे उसाचा हंगाम सुरू होतो. रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात. कित्येकांच्या मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. थोड्याशा खर्चाची रिफ्लेक्टरची पट्टी ट्रॉलीला लावल्याशिवाय कारखान्याच्या काट्यावर वजन घेणार नाही, असे ठरवले तर एका हंगामात हे चित्र बदलेल.

पण सर्वांत जास्त काळजी मला वाटते ती लेकरांची. लातूरला आणि आता नांदेडलाही, दहावीनंतरची मुले गावोगावहून शिकायला येतात. कॉलेज, क्लास, खोली, मेस अशी दिवसभर पळापळ. म्हणून बाप गावाकडून गाडी पाठवून देतो. पोरगे सोळा वर्षांचे. कायद्याने या वयात बिनगिअरची, पन्नास सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येते, पण दारात उभी असते ती त्याच्या दुप्पट-तिप्पट ताकदीची. क्लास सुटला की एकेका गाडीवर तिघे, डोक्यावर हेल्मेट नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायदा असा झाला आहे की, अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाची भीती घालावी असे मला वाटत नाही. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे दुचाकीवर मेली, एवढा एकच आकडा जेवताना घरात मोठ्याने वाचावा. डॉक्टर व्हावे म्हणून पोराला लातूरला पाठवायचे आणि त्याच्या डोक्याला मात्र उघडे सोडायचे, हा हिशेब मला कधी जुळवता आलेला नाही.

सरकारने काय करावे याची यादी मोठी आहे आणि ती वेळोवेळी छापली जाते. आपल्या हातात आहे ते थोडे आहे, पण आजपासून करता येईल असे आहे. मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत किल्ली द्यायची नाही आणि दिली तर हेल्मेटसकट. चौकात उजवीकडून कोणी येत असेल तर थांबायचे आणि शेजारी बसलेल्या मुलाला का थांबलो ते सांगायचे. पायी जाणारा रस्त्यात उतरला असेल तर त्याला हाताने ‘या’ म्हणायचे. पहिल्या दिवशी मागचा हॉर्न वाजवील, शिव्याही देईल. ‘‘ओ मामा, झोपलात का?’’ असे कोणी ओरडेलही. खिडकीतून त्याला शांतपणे म्हणावे, ‘‘जाऊ द्या की त्यांना. आपली पाळी येतेच आहे.’’