नाना शंकरशेट, मकबा आणि आमची पालकसभा

कोळवणच्या पालकसभेत एका वडिलांनी मला सरळच विचारलं, "सर, घरात आम्ही उर्दू बोलतो, गावात मराठी. मग शाळेत तरी इंग्रजी नको का?" मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे माझ्या उत्तरावर कोण विश्वास ठेवणार? विक्रेता आपल्याच मालाची तारीफ करणार, असंच वाटतं लोकांना.

म्हणून आज एका सावकाराची साक्ष काढतो. नाना शंकरशेट, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे (1803–1865). मुंबईत त्यांची पत एवढी होती की अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसा बँकेपेक्षा त्यांच्याकडे ठेवणं पसंत करत. आपल्या समाजात हे फारसं सांगितलं जात नाही. 1852 साली बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत ते पुढे होते, आणि पुढे मुंबईच्या कायदेमंडळातही सरकारने त्यांना घेतलं. रेल्वेच्या संदर्भात त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, ते इथे सोडून देतो.

मला सांगायचा आहे तो 1847 चा वाद. मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते न्यायाधीश अर्स्किन पेरी. त्यांचं म्हणणं असं की पैसा थोडा आहे, तेव्हा वरच्या वर्गातल्या थोड्यांनाच चांगलं शिकवावं आणि तेही इंग्रजीतून. देशी भाषांत पुस्तकं आहेतच कुठे? नाना विरोधात उभे राहिले. सामान्य माणसापर्यंत ज्ञान पोचवायचं तर त्याच्या भाषेतूनच पोचेल, पुस्तकं नसतील तर ती तयार करा, हा त्यांचा मुद्दा. इंग्रजी शिकूच नये असं ते म्हणत नव्हते. गणिताची पुस्तकं मराठीत आणणारे जर्व्हिस साहेब त्यांच्या बाजूने होते. फ्रामजी कावसजी होते. आणि तिसरे हिंदी सभासद होते महंमद इब्राहीम मकबा.

मकबा हे कोकणी मुसलमान. हिंदुस्तानीचं व्याकरण लिहिलेला माणूस; 1823 चं ते पुस्तक एल्फिन्स्टनच्या नावाने आहे. बी.एड.ला शिक्षणाचा इतिहास होता आम्हाला. मेकॉले पाठ केला, पेरीही ओझरता आला, पण मकबांचं नाव मला कुणी सांगितलं नाही. मुसलमानांनी आधुनिक शिक्षणाकडे पाठ फिरवली, हे वाक्य मात्र दर परीक्षेत लिहिलं.

हे सगळे सभासद सरकारने नेमलेले होते, निवडून आलेले नव्हते. त्याच 1847 साली लंडनमध्ये लायोनेल रोथशिल्ड नावाचा सावकार पार्लमेंटवर निवडून आला. तो ज्यू होता आणि शपथ ख्रिस्ती धर्माची, म्हणून 1858 पर्यंत त्याला बसता आलं नाही. पण मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. नानांच्या आणि मकबांच्या मागे असे मतदार नव्हते. ज्या सरकारने खुर्ची दिली त्याच्याच न्यायाधीशाला त्यांनी तोंडावर नाही म्हटलं.

निकाल काय लागला? सरकारने गुळमुळीत उत्तर दिलं. 1854 च्या वुडच्या खलित्यात उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि बहुजनांचं देशी भाषांतून, अशी वाटणी झाली. ही वाटणीच आज पालकांच्या मनात बसली आहे: मराठी, उर्दू गरिबांची, इंग्रजी वर चढणाऱ्यांची. त्यांना दोष कसा देऊ? नोकरीची जाहिरात तेही वाचतात.

पण वर्गातलं एक सांगतो. इंग्रजी शाळेतून आमच्याकडे आलेल्या एका मुलाने बाष्पीभवनाची इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हटली. खाचरातलं पाणी भात कापायच्या सुमाराला जातं कुठे, विचारलं तर गप्प. मग त्याच्या घरच्या बोलीत विचारलं. थोडं जमिनीत मुरतं, थोडं रोपं पितात, "बाकी का धूप में उड जाता, सर." व्याख्या त्याला येत होती आणि अर्थही येत होता, दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

त्या वडिलांना मी सभेत एवढंच म्हणालो की पाचवीपर्यंत थांबा, इंग्रजी विषय आम्ही नीट शिकवू. ते म्हणाले, "तुमची मुलगी कुठे आहे?" ती सेमी-इंग्रजीत आहे, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. मी तसं सांगितलं. सभेत हशा पिकला, मीही हसलो. संध्याकाळी घरी तिच्या विज्ञानाच्या वहीतला एक धडा काढला आणि तिला म्हटलं, हे दादीला समजावून सांग. अर्धा तास लागला.