वस्तीवरचे इंटरनेट : तारेची वाट किती दिवस पाहायची?



गळीत हंगामात गट कार्यालयात ऊसतोडीचा नंबर विचारायला येणारे सभासद हल्ली जाता जाता आणखी एक प्रश्न विचारू लागले आहेत. "आमच्या वस्तीवर केबल यायला तयार नाही. पोरं म्हणतात वाय-फाय घ्या. बिनतारेचं मिळतं म्हणे. घ्यावं का?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यात घरचा पैसा आहे, पोरांचे शिक्षण आहे आणि शेतीची कागदपत्रेही आहेत. म्हणून या अंकात त्यावर चार शब्द लिहीत आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. तारेची वाट पाहत बसू नये, पण दारात आलेल्या विक्रेत्याच्या बोलण्यावर भुलूनही घेऊ नये. आणि जे काम एकट्याला महाग पडते, ते सोसायटीमार्फत करता येते हे विसरू नये.

कोणी म्हणेल, इंटरनेट ही शहराची चैन आहे. तो काळ गेला. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेती योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. पी.एम. किसानची ई-केवायसी, महाडीबीटीवरचा ठिबकचा अर्ज, डिजिटल सहीचा सातबारा, पोरांच्या सीईटीचे फॉर्म, सगळे तिकडेच. साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये ऊस नोंदणीसाठी 'महा-ऊस नोंदणी' हे मोबाईल ॲप काढले. म्हणजे आपल्या उसाचाही संबंध या यंत्राशी आला. शेवटच्या तारखेला तालुक्याच्या सेतू केंद्रात रांग लावायची, 'सर्व्हर डाऊन' ऐकून परत यायचे, यात मजुरीचा एक दिवस आणि गाडीचे पेट्रोल जाते. हे 'तहान लागल्यावर विहीर खणणे' झाले.

वस्तीवर तार का येत नाही?

पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड या भागांत ऊस करणारा शेतकरी बहुधा गावठाणात राहत नाही, मळ्यात राहतो. एका रस्त्यावर एक किलोमीटरमध्ये चार वस्त्या. शहरात तेवढ्याच केबलमध्ये चारशे घरे जोडली जातात. कंपनीचा हिशेब तिथेच बसत नाही. केंद्र सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली, पुढे तिचे नाव 'भारतनेट' झाले. २०२३ मध्ये तिच्या सुधारित टप्प्यासाठी १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी मिळाली. योजना चांगलीच आहे. पण ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार आणि मळ्यातले घर यांच्यामध्ये दोन-तीन किलोमीटर उरतात. त्यातही खांबावरून ओढलेली केबल उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉलीत अडकते, जमिनीतली जेसीबीच्या दाताला लागते. तुटली की जोडणारा माणूस कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही.

वारणेचा धडा

तारेचे आणि बिनतारेचे हे प्रकरण सहकारी साखर कारखानदारीला नवे नाही. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प उभा राहिला. वारणा परिसरातील सहकारी संस्था, राज्य सरकार आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी मिळून सुमारे ७० गावे संगणकाने जोडायचे ठरवले. देशभर गाजावाजा झाला. शेतकऱ्याला बाजारभाव, पीक सल्ला, सरकारी माहिती सगळे एका पेटीत मिळेल, असे चित्र होते. प्रत्यक्षात सभासदांनी त्या संगणकाचा उपयोग मुख्यतः कशासाठी केला? आपल्या उसाचे वजन किती भरले, तोडीचा हुकूम कधी, बिल किती झाले, खत किती उचलले, यासाठी. म्हणजे कारखान्याशी असलेल्या रोजच्या व्यवहारासाठी.

पुढे संशोधकांनी तिथल्या सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला आणि २००७ मध्ये त्याचा अहवाल आला. संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस ठेवला. जे काम संगणक करत होता ते सगळे मोबाईलने केले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचे वाटले. यातून आपण घ्यायचा तो बोध असा की, यंत्र किती मोठे यापेक्षा आपली गरज कोणती हे आधी पाहावे. बिनतारेने काम भागत असेल तर तारेचा हट्ट धरू नये, आणि मोबाईलवर भागत असेल तर नवी पेटीही घेऊ नये.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे हातातला मोबाईल. त्यातला हॉटस्पॉट चालू केला की तो घराचा वाय-फाय होतो. अर्ज भरणे, सातबारा काढणे, एका पोराचा अभ्यास यासाठी हे पुरे आहे. मात्र रोजच्या दीड-दोन जीबीत स्वच्छ एचडी चित्र एक तासही धड चालत नाही. शिवाय बापू मोबाईल घेऊन शेतात गेले की घरचे नेटही त्यांच्या खिशात गेले.

दुसरी वाट सिमकार्डाच्या राउटरची. पेटीत सिम घालायचे, वीज द्यायची, झाले. खिशात मावणारे डोंगलही याच जातीचे. ही पेटी घरीच राहते आणि दहा-बारा मोबाईलही तिला जोडता येतात. पण डेटा सिमचाच असल्यामुळे मर्यादा तीच राहते. घेताना पेटी कोणत्याही कंपनीचे सिम घेते की एकाच कंपनीचे, हे विचारून घ्यावे. नाहीतर रेंज बदलली की पेटी कोनाड्यात.

तिसरी वाट 'एअरफायबर'ची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एअरटेलने आणि सप्टेंबरमध्ये जिओने ही सेवा काही शहरांत सुरू केली. यात गच्चीवर एक यंत्र बसते, ते टॉवरकडून फाइव्ह-जीच्या लहरी घेते आणि केबलने घरातल्या राउटरला देते. जिओने सुरुवातीला ३० एमबीपीएस वेगाची योजना महिना ५९९ रुपयांना आणली, जीएसटी वेगळा. वापराची मर्यादा महिन्याला १००० जीबीची. फोनच्या दीड जीबीचे महिन्याला ४५ जीबी होतात, यावरून फरक ध्यानात येईल. पण वस्तीजवळ फाइव्ह-जी टॉवर नसेल तर या योजनेचा काही उपयोग नाही.

चौथी वाट आकाशातली आहे. उपग्रहावरून इंटरनेट देण्यासाठी स्टारलिंकला जून २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळाला. तिच्या नावाने कोणी आगाऊ नोंदणीचे पैसे मागितले तर मात्र एक रुपयाही देऊ नये.

रेंज गच्चीवर पाहा

करार करण्याआधी फाइव्ह-जी फोन घेऊन स्वतः गच्चीवर जा. सकाळी एकदा आणि रात्री आठच्या सुमारास एकदा वेग मोजा. संध्याकाळी सगळे गाव एकाच टॉवरवर चढते, तेव्हा जो वेग मिळेल तोच आपला खरा वेग. आणखी एक गोष्ट ऊसकऱ्यांनीच ध्यानात घ्यायची. हिरव्या, ओल्या पानांत या लहरी अडतात. लागणीच्या वेळी घेतलेले कनेक्शन आडसाली ऊस दहा-बारा फूट वाढल्यावर मंद पडले तर नवल नाही. म्हणून यंत्र उसाच्या शेंड्याच्या वर, टॉवरच्या दिशेने बसवून घ्यावे. पत्र्याच्या घरात राउटर एका खोलीत ठेवला तर लहर बाहेर निघत नाही. तो मधल्या खोलीत, उंचावर ठेवावा. जाड भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते पण जवळच संपते.

विजेचे तर आपल्याला सांगायलाच नको. लाईट गेली की राउटर बंद. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटी बॅटरी मिळते. मात्र गच्चीवरच्या यंत्रालाही वीज लागते, ते त्याच बॅटरीवर चालेल का हे बसवणाऱ्याला विचारावे. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की दोन्हीचे प्लग काढून ठेवावेत.

हिशेब वहीत मांडा

विक्रेता सांगतो, "घरात चार मोबाईल, चार रिचार्ज. एक वाय-फाय घ्या, पैसे वाचतील." आम्ही हिशेब मांडून पाहिला. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज २९९ रुपये झाला. चार मोबाईलचे ११९६. आता वाय-फाय घेतले तरी शेतात जाणाऱ्या दोघांना डेटा लागणारच, त्यांचे ५९८. घरी राहणाऱ्या आजी-आजोबांना बोलण्यापुरते पुरे. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. जानेवारी २०२५ मध्ये असे ८४ दिवसांचे पॅक साडेचारशे ते पाचशेच्या दरम्यान आले, म्हणजे २८ दिवसांचे दोघांचे सुमारे ३१०. त्यात एअरफायबरचे ५९९ आणि जीएसटी मिळून ७०७. बेरीज होते १६१५ च्या आसपास. पैसे वाचत तर नाहीतच, उलट चारशे रुपये जास्त जातात.

वर्षाला हे पाच हजार झाले. २०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये एफआरपी ठरली. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा न करताही जवळपास दीड टन ऊस त्यात गेला. ज्या घरात दोन पोरं बारावी-सीईटीचा अभ्यास करतात, कोणी घरून काम करतो, दूधाचा किंवा रोपवाटिकेचा धंदा मोबाईलवर चालतो, त्या घराला हा दीड टन परवडतो. ज्या घरात फक्त मालिका आणि रील पाहायच्या आहेत, त्यांनी उगीच उसाच्या बिलातून हप्ता लावून घेऊ नये.

काही वडीलधारे म्हणतात, "वाय-फाय आलं की पोरं बिघडतील." पोरांच्या हातात मोबाईल आधीच आहे, त्यामुळे ही भीती पेटीने वाढत नाही. उलट बहुतेक राउटरमध्ये रात्री ठराविक वेळेला नेट बंद ठेवायची सोय असते, मोबाईल डेटावर तसा ताबा ठेवणे अवघड जाते. पासवर्ड मात्र घरातल्या जाणत्या माणसाच्या हाती असावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो वाटू नये. आपल्या कनेक्शनवरून कोणी गैरकाम केले तर पहिली चौकशी आपल्याच दारात येते.

सोसायटीने पुढे यावे

आता मुख्य मुद्दा. चार वस्त्यांनी चार कनेक्शने घेण्यापेक्षा एक मार्ग आहे, आणि तो कायद्यात बसणारा आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने 'पी.एम. वाणी' योजना मंजूर केली. किराणा दुकान, चहाची टपरी, सोसायटी, कोणीही सार्वजनिक वाय-फाय केंद्र काढू शकते. त्याला परवाना लागत नाही, शुल्क नाही. गिऱ्हाईक आपल्या मोबाईल नंबरावर ओटीपी घेऊन जोडले जाते, त्यामुळे कोण जोडले याची नोंद राहते. पूर्वी कंपन्या अशा केंद्रांकडून महागडे भाडे मागत. जून २०२५ मध्ये ट्रायने त्यावर मर्यादा घातली. २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबरच्या दराच्या दुपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही.

गावठाणातल्या विविध कार्यकारी सोसायटीपर्यंत तार येऊ शकते. तिथून वस्तीपर्यंत ती न्यायची गरज नाही. समोरासमोर तोंड करून बसवलेल्या दोन छोट्या अँटेना मध्ये अडथळा नसेल तर दोन-तीन किलोमीटर इंटरनेट पोचवतात. यासाठी लागणाऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी घराबाहेर विनापरवाना वापरायची मोकळीक २०१८ मध्येच मिळाली आहे. सोसायटीच्या गच्चीवर एक खांब, वस्तीवर एक खांब, एवढाच मामला. उपसा सिंचनाची पाइपलाइन ज्यांनी भागीदारीत ओढली, त्यांना हे काही जड नाही.

म्हणून आमची कारखान्याच्या संचालक मंडळाला सूचना आहे की, येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा. प्रत्येक गटातील एका सोसायटीत एक हंगाम हा प्रयोग करावा. शेतकी विभागाने गटवार रेंजची पाहणी करून कोणत्या शिवारात कोणत्या कंपनीची सेवा चालते याचा तक्ता फलकावर लावावा. आणि तोडीचा कार्यक्रम, वजन, बिल ही माहिती कमी डेटात उघडेल अशा साध्या स्वरूपात ठेवावी. वारणेचा धडा तोच आहे.

सभासदांनीही आपले काम करावे. आपल्या गच्चीवर दोन वेळा वेग मोजून तो गट कार्यालयात कळवावा. दहा-वीस सभासदांनी कळवले तरी तक्ता सुरू होईल. एकेकट्याने कंपनीच्या दारात जाण्यापेक्षा तो तक्ता घेऊन गेलेल्या सोसायटीचे कंपनी ऐकते. 'गाव करी ते राव न करी' हे आपण विहिरीसाठी, दुधासाठी आणि या कारखान्यासाठी खरे करून दाखवले. इंटरनेट त्याला अपवाद असायचे कारण नाही.