एका कुपीत शंभर कोंबड्या

वाचकहो, या खेपेला आम्ही तुम्हाला कोंबड्यांची गोष्ट सांगणार आहोत. हसू नका. या कोंबड्यांनीच आमच्या मॅट्रिकच्या फॉर्मची फी भरली होती. आई पहाटे दोन तलंगा डालग्यात घालून बाजाराला गेली आणि दुपारी पैसे पदराच्या गाठीला बांधून परत आली. बापाची मजुरी घरात यायची आणि घरातच संपायची. कोंबडीचा पैसा मात्र आईचा. तो कशावर खर्चायचा हे तिनं ठरवायचं. आपल्या कितीतरी घरांत वह्या, चपला, एस.टी.चं भाडं याच पैशातून निघालं आहे. त्याचा हिशेब मात्र कुणी कुठं लिहून ठेवला नाही.

आईनं आता सत्तरी ओलांडली आहे, पण दिवस मावळला की ती खुराड्यापाशी बसते आणि एकेक कोंबडी आत जाताना मोजते. एक कमी भरली तर तिला जेवण जात नाही. मुंगूस, बोका, घार, कुत्रं, सगळ्यांवर तिचा डोळा असतो. बॉयलरची कोंबडी सहा आठवड्यांत कापायला तयार होते, पण तिला पिंजरा, खाद्य, औषध सगळं आयतं लागतं. गावरान कोंबडी उकिरडा उकरून स्वतःचं पोट भरते, अंडी उबवते, पिल्लं वाढवते. म्हणून तर गरिबाला ती परवडते. अंगणात शिळी भाकर कुस्करून टाकली, मूठभर कणी टाकली की झालं, असं आपण समजतो. आमचंही तसंच होतं.

दोन वर्षांपूर्वी पुतण्यानं एक जुना संगणक घरी आणला. पडवीत ठेवला, कारण चालू बटण तेवढं तिथंच. त्याच बटणाच्या जोडीला आईनं पिल्लांसाठी साठचा बल्ब लावला. खुडूक कोंबडीनं एकवीस दिवस बसून काढलेली अकरा पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि शेजारी संगणक! त्या सुमारास कोंबडीची पिल्लं अनुदानावर मिळण्याची योजना आली. फॉर्म संगणकावरूनच भरायचा होता. पुतण्या फॉर्म भरायला बसला की अर्ध्या तासात संगणक आपोआप बंद. पुन्हा चालू करा, पुन्हा पहिल्यापासून. आम्ही म्हणालो, व्हायरस असेल. शेवटी पुतण्यानं मागचा पत्रा उघडला, तर आतला पंखा पिल्लांच्या लवीनं आणि भुशानं गच्च भरलेला. वारा लागेना म्हणून यंत्र तापत होतं आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद पडत होतं. रंगाच्या कोरड्या ब्रशनं पंखा साफ केला, तेव्हापासून नीट चालला. कोंबड्या असलेल्या घरात असं यंत्र असेल तर एवढं ध्यानात ठेवावं.

पण फॉर्म काही भरला गेला नाही. आईचं नाव आधारकार्डावर एक आणि बँकेच्या पासबुकावर दुसरं. दुरुस्तीला गेलो तर बोटांचे ठसे उठेनात. पन्नास वर्षं खुरपं धरलेली, शेण थापलेली बोटं ती, रेषा घासून गेलेल्या. यंत्र म्हणे, पुन्हा बोट ठेवा. आई म्हणाली, “या बोटांनी घर उभं केलं, आता ही बोटंच खोटी ठरली व्हय?” तोवर तारीख टळून गेली होती.

त्यापुढची गोष्ट आमच्याच निष्काळजीपणाची आहे. आई बरेच दिवस म्हणत होती, “लेका, कोंबड्यांना लस दे.” आम्ही दवाखान्यात जाऊन आलो होतो. डॉक्टर म्हणाले, “कुपी शंभर कोंबड्यांची येते. लस एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, उरलेली फेकून द्यायची. तुमच्या चौदा कोंबड्यांसाठी कुपी फोडून कसं चालेल? वस्तीच्या मिळून शंभर जमवा, मी येतो.” माणूस खरं बोलत होता. आम्ही घरी येऊन म्हणालो, “बघू.”

उन्हाळा तोंडाशी आला आणि मानमोडी आली. हिलाच राणीखेत म्हणतात. १९२० नंतरच्या दशकात आपल्या देशात हा रोग पहिल्यांदा उत्तराखंडातल्या राणीखेतला आढळला, म्हणून ते नाव. कोंबडी चोच वर करून श्वास घेते, हिरवी पातळ हगवण लागते, मग मान वाकडी होते, पाय लुळे पडतात. एकदा रोग लागला की त्यावर औषध नाही. चार दिवसांत आईच्या चौदातल्या अकरा गेल्या. आमच्या रांगेतल्या आणखी तीन घरांची तीच गत झाली. आई रडली नाही. संध्याकाळी खुराड्यापाशी बसली, तीन मोजल्या आणि उठली.

मेलेल्या कोंबड्या पोरांनी पोत्यात भरल्या आणि ओढ्यापलीकडच्या जुन्या मसणवट्यात नेऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी पोती फाडली, वास वस्तीपर्यंत आला. शेजारच्या म्हाताऱ्या काकू काठी टेकत आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, “आरं, तिथं माझी सासू हाय. तिच्या उशाला घाण टाकली तुमी.”

आम्ही मान खाली घालून त्यांच्यामागं गेलो. पंधरा-वीस वर्षांत तिथं पाय ठेवला नव्हता. पलीकडं पत्र्याची शेड झाली, तिथं दहन होऊ लागलं आणि जुनी जागा कुणाचीच उरली नाही. एके काळी गावानं आपल्याला गावाच्या स्मशानात येऊ दिलं नाही, म्हणून आपल्या माणसांनी ही जागा धरली होती. आता घाणेरी आणि वेडी बाभूळ माजलेली, दारूच्या बाटल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्याखाली दगडांच्या ओळी. एकाही दगडावर नाव नाही, कारण ज्यांनी ते दगड ठेवले त्यांना लिहिता येत नव्हतं. काकूंनी लिंबाच्या झाडापासून पावलं मोजली आणि एका दगडाला हात लावला. आई दुसरीकडं वळली. “ही तुझी आजी,” ती आम्हाला म्हणाली. आम्ही जयंतीला भाषणं करतो, इतिहास वाचा म्हणून पोरांना सांगतो. आमची आजी घरापासून तीनशे पावलांवर होती आणि आम्हाला तिचा दगड माहीत नव्हता.

रविवारी वस्ती गोळा झाली. आधी मेलेल्या कोंबड्यांची व्यवस्था लावली. विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब कमरेएवढा खड्डा काढला, चुना टाकला, कोंबड्या टाकल्या, वर पुन्हा चुना आणि माती दाबली. मग कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन सगळे मसणवट्यात शिरले. जेवायच्या वेळेला तिथंच सावलीत बसलो असताना आईनं विषय काढला, “आता समदी हाय तर सांगा, कुणाकडं किती कोंबड्या?” सतरा घरांच्या मिळून मोठ्या चौऱ्याण्णव निघाल्या आणि पिल्लं साठाच्या वर. आम्ही ज्या शंभरासाठी “बघू” म्हणालो होतो, ते शंभर आमच्या वस्तीतच होते. कुणी कुणाला विचारलं नव्हतं एवढंच.

पुतण्यानं संगणकावर दोन याद्या केल्या. एक घरोघरच्या कोंबड्यांची. दुसरी म्हाताऱ्या बायांनी बोटानं दाखवलेल्या दगडांची : कोण, कुणाची सासू, कुणाचा बाप, कोणत्या झाडाजवळ. दुसरी यादी छापायला दुकानात नेली तर तिथल्या संगणकावर आमच्या पूर्वजांची नावं उमटेनात, नुसती विचित्र अक्षरं! जुन्या फाँटमध्ये टाईप केलं होतं आणि तो फाँट दुकानात नव्हता. मग सगळं पुन्हा युनिकोडमध्ये टाईप केलं, तेव्हा ते कुठल्याही संगणकावर आणि मोबाईलवर वाचता येऊ लागलं. तरीही आईच्या सांगण्यावरून एक प्रत शाईनं दोनशे पानी वहीत लिहून ठेवली आहे. ज्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक आहे, ती आता वस्तीत चारच उरली आहेत.

रोग थंडावल्यावर डॉक्टर आले. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात कुप्या. वेळ दिवेलागणीची ठेवली, कारण तेव्हा कोंबड्या खुराड्यात सापडतात. पिल्लांच्या डोळ्यात लासोटाचा एकेक थेंब, मोठ्यांना आर-टू-बीचं इंजेक्शन. दीड तासात सतरा घरं झाली. वाचकांनी लक्षात ठेवावं : पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा, आठ-दहा आठवड्यांनी आर-टू-बी. पुढच्या तारखा डॉक्टरांना विचारून घ्याव्या. आजारी कोंबडीला लस टोचू नये. आणि एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या तर गुपचूप फेकू नका, खाऊ नका, विकू नका, दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता. कोणता रोग आहे हे घरी बसून ओळखता येत नाही.

या उन्हाळ्यात पलीकडच्या वाडीला मानमोडी आली. आमच्या वस्तीत एकही कोंबडी तिनं गेली नाही. आईकडं आता मोठ्या एकोणीस आहेत. तिच्या नावाची दुरुस्ती अजून व्हायची आहे. आम्ही पुन्हा फेऱ्या मारतो आहोत. मसणवटा वर्षातून दोनदा साफ करायचा ठरला आहे, लस द्यायची त्याच आठवड्यात, म्हणजे एक विसरलं तर दुसरं आठवेल.

काल संध्याकाळी आई खुराड्यापाशी बसली होती. मोजून झालं, तिनं फळी लावली आणि आम्हाला हाक मारली, “वहीत बघ रं, पिल्लांची दुसरी लस कधी हाय.”

आम्ही बघू म्हणालो नाही. उठलो आणि वही काढली.