उंबरठ्याच्या आतली बंदूक

लग्नसराई आली की नागपूरच्या वेशीवरील लॉन आणि फार्महाऊस दिव्यांनी झगमगू लागतात आणि त्याबरोबर एका जुन्या गैरसमजासही तेज चढते. जागा आमची, पाहुणे आमचे, बंदूक परवान्याची. मग पोलिसांचा येथे संबंध काय, हा तो गैरसमज होय. सुशिक्षित म्हणविणाऱ्यांच्या तोंडीही तो ऐकू येतो, म्हणूनच त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे तिसरे कलम पाहावे. परवान्यावाचून बंदूक घेऊन फिरणे जसा गुन्हा, तसेच ती नुसती जवळ बाळगणे हाही गुन्हाच. यातून घर, वाडा वा शेत वगळलेले नाही. अभिनेते संजय दत्त यांनी हत्यार रस्त्यावर मिरविले, असा आरोप कोणी केला नव्हता. तथापि बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल त्यांना दोषी ठरविणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कायम केला आणि सहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आणली. २०१६ च्या नियमांत सार्वजनिक जागी शस्त्र झाकून नेण्याचा दंडक आहे आणि तो घरात लागू नाही, हे खरे. पण तेवढ्यावरून घरात सर्व काही क्षम्य ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने विवाहादी समारंभांत, इतरांच्या जिवास धोका होईल अशा रीतीने, आनंदाप्रीत्यर्थ गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगितले आहे. समारंभाची जागा कोणाच्या मालकीची, असा प्रश्न त्या तरतुदीत विचारलेला नाही.

तो का विचारू नये, याचे उत्तर उत्तराखंडातील एका खटल्यात मिळते. २००७ साली मुलाच्या लग्नात पित्याने छताच्या दिशेने बंदूक उडविली. छर्रे पाच जणांस लागले, त्यांपैकी दोघे दगावले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या पित्यास सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरले. मारण्याचा हेतू नव्हता हे न्यायालयाने मानले. पण गर्दीत बार काढणाऱ्यास परिणामाची जाणीव असलीच पाहिजे, असा त्याचा निर्वाळा होता. जे दगावले ते आमंत्रित पाहुणेच होते ना!

शस्त्रांचा प्रश्न नागपूरला नवा नाही. १९२७ साली याच शहरात मंचरशा आवारी यांनी नंग्या तलवारी घेऊन शस्त्रकायद्याविरुद्ध सत्याग्रह आरंभिला आणि कारावास पत्करला. गांधीजींस ती रीत मान्य नव्हती. परंतु परकीय सत्तेने अवघे राष्ट्र निःशस्त्र केले, ही सल तेव्हा सार्वत्रिक होती. म्हणून १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला गेला. पुढे १९४८ च्या डिसेंबरात घटना परिषदेत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद ह. वि. कामत यांनी तोच हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा रोख असा की, प्रसंगी राष्ट्रासाठी शस्त्र धरणे हे नागरिकाचे कर्तव्य असू शकेल; पण चोरदरोडेखोरांसकट प्रत्येकास शस्त्राचा अनिर्बंध हक्क देणे राज्यास परवडणारे नाही. अमेरिकेच्या घटनेत जो हक्क आहे, तो आपल्या घटनेत हेतुपुरस्सर नाही. आपल्याकडे परवाना ही सवलत आहे.

लॉनवरील हौशी मंडळींविषयी आम्हांस यत्किंचितही सहानुभूती नाही; ती आहे उमरेड-रामटेकच्या शेतकऱ्याविषयी. रानडुकरे व रोही रातोरात उभे पीक लोळवितात. कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याचा परवाना मान्य केला आहे. परंतु १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे, परवान्याची बंदूक हाती असूनही, वनाधिकाऱ्याच्या अनुज्ञेवाचून स्वतःच्या शेतातील डुकरावरही तीस चाप लावता येत नाही. वाघांच्या या मुलुखात हे बंधन योग्यच आहे. मात्र अर्ज टेबलावर पडून राहिला आणि तोवर हंगाम सरला, तर शेतकऱ्याने काय करावे? विदर्भात कुंपणात विजेचा प्रवाह सोडण्याचे प्रकार घडतात. त्यांत वाघ मरतात, माणसेही मरतात. या बेकायदा आणि अधिक घातक उपायाकडे त्यास कोण ढकलते, याचा विचार वनखात्याने करावा.

तेव्हा आमचे म्हणणे दुहेरी आहे. जिल्हाधिकारी व वनखाते यांनी पेरणीपूर्वीच अशा अर्जांचा निकाल लावावा. शहरात परवाने पोलीस आयुक्तांच्या हाती आहेत. समारंभात बार उडविणाऱ्याचा परवाना त्यांनी सतराव्या कलमान्वये, मग तो गृहस्थ कितीही प्रतिष्ठित असो, तात्काळ रद्द करावा. लॉनचालकांनीही भाड्याच्या करारात बंदुकीस मज्जाव करणारी एक ओळ घालावी. अग्निबाणांना आणि मोठ्या आवाजाच्या वाजंत्रीला बंदी घालताना त्यांस संकोच वाटत नाही, मग येथेच का वाटावा?